मागच्या चाकाची पाचर

बायकोबरोबर मी केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे आमच्या राहायच्या डब्याच्या मागच्या चाकाखालची सैल झालेली पाचर पुन्हा ठोकणं. तिने दोन्ही हातांनी पाचर धरली आणि मी घण घातला. तीन-चार घावांत बाभळीचं लाकूड चाकाखाली गच्च बसलं.

"अजून एक द्या," ती म्हणाली.

"बसली आता. हलत नाही."

"पोर माझ्या पोटात हाय, तुमच्या नाय. द्या अजून एक."

दिला. घण तिच्या बोटांजवळ पडायचा, पण तिने कधी डोळे मिटले नाहीत. घणाकडे ती बघायचीच नाही, पाचरीकडे बघायची. मग उठून साडीची माती झटकली आणि पुरण वाटायला आत गेली. होळीचा दिवस होता.

मी सडकेच्या रोलरवर ड्रायव्हर होतो. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. पनवेलच्या अलीकडे-पलीकडे मुंबई-पुणे सडक रुंद करायचं काम चाललं होतं. रोलर चालतो बैलापेक्षा हळू, रोज घरी जाऊन परत यायचं तर कामच व्हायचं नाही. म्हणून ड्रायव्हरला राहायला लाकडी डबा मिळायचा. खाली चार लोखंडी चाकं, वर एक खोली, एक दार, दोन खिडक्या. रोलरच्या मागे जोडायचा, काम असेल तिथे न्यायचा, सडकेच्या कडेला उभा करायचा. लग्न करून तिला मी घरात नाही आणली, डब्यात आणली.

ती उरणकडची. मिठागरावर वाढलेली. अंगापिंडाने दणकट, तोंडाने त्याहून दणकट. पण डब्याने तिला हरवलं. आत पाऊल टाकलं की डबा डुलायचा. कूस बदलली तरी डुलायचा. बाहेरून ट्रक गेला की भांडी वाजायची. पहिल्या आठवड्यात ओकून ओकून पिवळी पडली. मला म्हणाली, "माझ्या बापाने मला नवऱ्याला दिली का होडीला?"

दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा मध्येच रक्त जाऊन संपलं. दुसऱ्या वेळी डब्याची जमीन मी पाण्याने धुतली ते मला अजून दिसतं. ती म्हणायची, डबा हलतो म्हणून पोर सुटतं. पनवेलच्या डॉक्टरने सांगितलं तसं काही नसतं. ती म्हणाली, "डाक्टर डब्यात झोपतो काय?"

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिने माझी गळपट्टी धरली. "या वेळी डबा हलला तर तुमचं डोकं फोडीन," असं म्हणाली, आणि ती बोलायची ते करायची. एकदा एका ट्रकवाल्याने गाडी इतकी अंगावर घातली की डब्याचा पुढचा दांडा मोडता मोडता राहिला. मी ट्रकवाल्याला खाली ओढला. त्याचा क्लीनर लोखंडी सळई घेऊन माझ्या मागून आला. ती चुलीतलं जळतं लाकूड घेऊन उतरली आणि क्लीनरच्या पाठीत असं हाणलं की त्याचा सदरा पेटला. तो बोंबलत चरात जाऊन लोळला. ट्रकवाला मला हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुझी बायको आवर." मी म्हटलं, "तू आवरून दाखव."

तर डबा हलू नये म्हणून मी जे जे सुचलं ते केलं. जी चाकं उंचावर यायची त्यांच्याखाली खड्डा खणून डबा सपाट केला. प्रत्येक चाकाला पुढून एक, मागून एक दगड लावला. पण दगड वाटोळा, जड चाक त्याच्यावर चढतं. म्हणून बाभळीच्या पाचरी तासल्या आणि घणाने ठोकल्या. डब्याचा हेलकावा स्प्रिंगांवर असतो, तो चाकं अडवून जात नाही. म्हणून चार कोपऱ्यांना खालून बाभळीचेच जाड टेकू दिले, टेकू आणि तुळई यांच्यामध्येही पाचर मारली. असं केलं की डब्याचं ओझं चाकांवर न राहता टेकूंवर येतं. रोलरचं जड सामान आत जमिनीवर ठेवलं, फळीवर काही ठेवलं नाही. तिचा पाटा-वरवंटा होता, बापाने दिलेला काळा दगड, दोघांनी उचलावा लागे. तोही मी मधोमध ठेवला. जड आहे, डबा धरून ठेवील, असं मीच तिला सांगितलं.

सगळं झाल्यावर ती काठोकाठ भरलेला तांब्या जमिनीवर ठेवायची आणि मला म्हणायची, नाचा. मी दणादणा उड्या मारायचो. पाणी सांडलं की शिव्या, नाही सांडलं की हसायची. शेवटच्या मुक्कामावर पाणी सांडलं नाही. पाचवा महिना सरला. सहावा लागला. ती रात्रीची निवांत झोपायला लागली. पोटावर माझा हात ठेवून म्हणायची, "बघा, आत हा हलतो तेवढंच."

मुक्काम सडकेच्या भरावावर होता. एका बाजूला सडक, दुसऱ्या बाजूला उतार, डब्याची मागची बाजू उताराकडे, उताराच्या तळाशी चिंचेचं झाड. दुसरी जागा नव्हती, बाकी सगळीकडे खडीचे ढीग होते.

जवळच्या गावातला एक गडी आमच्याकडे खडी फोडायला होता. आगरी, माझ्याहून थोडा लहान, हातापायाने राकट, चेष्टेखोर. तिला वयनी म्हणायचा. तिला वांगी आणून द्यायचा आणि पोटभर शिव्या खायचा. होळीच्या आधी दोन दिवस तो पाणी प्यायला आला, डब्याखाली वाकून बघितलं आणि म्हणाला,

"वयनी, काय बाभूल लावलीय! यंदा तुमचा डबाच होलीत घालतो."

"तुझ्या बायकोला घाल आधी. ती ओली हाय, दोन दिवस जलेल."

"मग गावाला पुरंल."

दोघंही हसली. मीही हसलो. शिमग्यात बोलायची ती रीतच. आणि होळीला लाकूड चोरायचं ही पण रीत. कोणाचं कुंपण, कोणाची बाज, कोणाचा मोडका नांगर. होळीत पडलेलं लाकूड होळीचं झालं, ते मागायचं नाही. लोक त्या दिवशी आपापलं लाकूड राखून बसतात. माझ्या मनात ते आलं नाही. डब्याखालचं लाकूड म्हणजे घराचा पाया, पाया कोण चोरतो?

पाचर ठोकून मी ओढ्यावर गेलो, रोलरच्या बॉयलरला पाणी आणायला. सूर्य मावळायला आला होता. गावाकडून शिमग्याच्या बोंबा ऐकू येत होत्या. मग डब्याकडून बोंब आली. बायकी आवाज. मला वाटलं, पोरं लाकडं मागायला आली असतील आणि ही त्यांना त्यांच्याच भाषेत परतवतेय. मनात म्हटलं, हिच्या तोंडाला आज कोण पुरतं. पुन्हा बोंब आली. मग लाकूड फुटल्याचा आवाज आला. तो आवाज शिमग्याचा नव्हता. मी पाण्याच्या बादल्या टाकून पळालो.

काय झालं ते मागाहून कळलं. गडी आणि त्याच्याबरोबरचे दोघे खालून आले होते. ती आत पुरण वाटत होती, वरवंट्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी टेकू काढले, मग पाचरी काढल्या. दगड तसेच राहू दिले. दगड आहेत ना, डबा कुठे जातो, असं त्यांना वाटलं. लाकडं खांद्यावर टाकून, बोंब ठोकत गेले. ती वाटतच होती. वाटताना अंग पुढे-मागे होतं. डबा तिच्या अंगाबरोबर पुढे-मागे झाला आणि चाक दगडावर चढलं. ती ओरडली तेव्हा ते तिघे वळून हसले आणि उलट बोंबलले. त्यांनाही वाटलं, वयनी शिव्या घालतेय.

डबा उतारावरून गेला आणि चिंचेवर आपटून आडवा झाला. फळ्या उपसून मी आत शिरलो. पाटा तिच्या पोटावर होता. पुरण भिंतीला उडालं होतं. तिने डोळे उघडले, मला ओळखलं आणि म्हणाली, "हलला." एवढंच.

मी एकट्याने तो पाटा उचलला. कसा ते विचारू नका. गावची माणसं धावत आली, त्यांनी बाज आणली, तीसुद्धा होळीतूनच ओढून काढलेली. बाज उचलायला पहिला पुढे झाला तो गडी. खांद्यावर अजून माझी पाचर होती. खरं सांगतो, टाकून द्यायचंही त्याला भान नव्हतं.

मी त्याला मारलं. आधी मुठीने. नाक फुटलं ते हाताला कळलं. तो पडला तेव्हा त्याच्या छातीवर बसून मारलं. दात माझ्या बोटांत रुतला, त्याची खूण उजव्या हातावर आजही आहे. त्याने एकदाही हात वर केला नाही, त्याने मी आणखी पेटलो. दगड उचलला तेव्हा चौघांनी मला मागे ओढला. एक म्हातारा माझ्या कानाशी ओरडला, "अरे, ती जित्ती हाय! तिला उचल आधी, मग याला मार!"

बाज पनवेलच्या दवाखान्यात नेली. वाटभर ती माझं मनगट धरून होती. सहा महिन्यांची मुलगी झाली, मेलेली. तिच्यामागून उजाडायच्या आत तिची आईही गेली.

सकाळी तिला बाजेवरूनच परत आणलं आणि मी चिंचेखाली आलो. घण उताराच्या तोंडाशी, काल ठेवला तिथेच पडला होता. मी डबा फोडायला सुरुवात केली. दार, खिडक्या, भिंती, जमिनीच्या फळ्या. कोणीतरी म्हणालं, डबा सरकारी आहे. मी घण घेऊन त्याच्याकडे वळलो, तो चार पावलं मागे सरला. गावाने लाकडं आणून ठेवली होती, मयताला आणतात तशी, न सांगता. मी लाथेने उधळून लावली. म्हटलं, तुमचं एक काटूक तिला लागणार नाही.

डब्याची लाकडं खाडीच्या काठी नेली आणि चिता रचली. तिथली जमीन भुसभुशीत. चिता ढासळू नये म्हणून चार कोपऱ्यांना खुंट ठोकतात. डब्याच्या तुळईचे चार तुकडे मी त्यासाठी ठेवले होते. पहिला खुंट उभा केला. एका हाताने धरून एका हाताने घण उचलत नाही. खुंट पडला. पुन्हा उभा केला. पुन्हा पडला. पन्नास माणसं उभी होती. कोणी जवळ येईना.

मग तो गडी आला. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला, सदऱ्यावर कालचं रक्त. गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी खुंट धरला. अगदी वरती धरला, घण जिथे पडतो तिथे.

"खाली धर," मी म्हटलं.

त्याने हात खाली नेले नाहीत. उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला. मी घण डोक्यावर नेला. लोक ओरडले. कोणीतरी "नको" म्हणालं. माझ्या हाताला ठाऊक होतं घण कुठे पाडायचा आणि मनाला ठाऊक होतं कुठे पाडावासा वाटतो. त्याने डोळा मिटला.

घण खुंटावर पडला. त्याच्या बोटांना लागूनच. मग आणखी एक, मग आणखी. खुंट रुतला, तरी मी मारतच होतो, माथा चिरला तरी मारत होतो. तिने सांगितलं असतं, अजून एक द्या. तेवढा दिला. मग खुंट हलवून बघितला. हलला नाही.

"दुसरा धर," मी त्याला म्हटलं. "आणि हात खाली."