काकांनी सांगितलेला सिनेमा

काकूचा अकोल्याहून फोन आला. "तुहे काका गेले," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. अमरावतीच्या घरी काका एकटेच राहायचे. सकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं, ते उघडलंच नाही. नवरा एका गावी, बायको दुसऱ्या... आमच्या नातेवाइकांनी या संसारावर बरीच वर्षं चवीनं चर्चा केली. आता महिना होत आला, चर्चा थांबली आहे, आणि मला काका फार आठवतात.

काका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि शनिवारी एका शाळेच्या सभागृहात फिल्म सोसायटीचे परदेशी सिनेमे दाखवायचे. शेवटच्या रांगेत काकू, तिच्या डाव्या हाताला काका. पडद्यावर कुणी बोललं की काका वाकून तिच्या कानात ते वऱ्हाडीत सांगत. लंडनची टोपीवाली मॅडम नोकराला म्हणे, "काहून बे, अजून चहा नाई मांडला?" पुढच्या रांगेतले कुरकुरत. काका ऐकतील तर शपथ. वर्गात तास तास बोलणारा हा माणूस घरात मात्र मुका होता. राग आला की मुका, माया आली की त्याहून मुका. शेवटी कंटाळून काकूनं तिच्या ऑफिसातून अकोल्याला बदली मागून घेतली.

ती निघायच्या आदल्या दिवशी सोसायटीत एक ब्रिटिश विनोदी सिनेमा होता. मी तेव्हा कॉलेजात होतो, त्यांच्या शेजारीच बसलो होतो. पडद्यावर नवरा-बायको वेगळे होत आहेत आणि घरातल्या वस्तू वाटून घेत आहेत. किटली कुणाची, कुत्रा कुणाचा... सभागृह हसून बेजार. शेवटी बायको बॅग उचलते, आणि नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणतो, चावी टेबलावर ठेव. लोक पुन्हा हसले. काका काकूच्या कानाशी वाकले.

"जाऊ नको, म्हणते तो तिले."

मी दचकून पाहिलं. काकू पडद्याकडेच बघत होती. दुसऱ्या दिवशी ती गेली.

शनिवार मात्र तिनं सोडला नाही. एस्टीनं यायची, सिनेमा पाहायची, रविवारी परत. सोसायटी बंद पडल्यावर घरच्या टीव्हीवर तेच. घटस्फोटाचं नाव दोघांनीही कधी काढलं नाही. 'जाऊ नको' हेही पुन्हा निघालं नाही.

परवा अमरावतीच्या घरात आम्ही दोघंच होतो. काकू म्हणाली, तो सिनेमा लाव. लॅपटॉपवर सापडला. चावीचं दृश्य आलं, खाली संवादाची अक्षरं उमटली. मला राहवलं नाही.

"काकू, काकांनी तेव्हा भलतंच सांगितलं होतं."

"मालूम आहे मले. ऑफिसात इंग्रजी कागद वाचतच होती ना मी. तेवढं समजते."

"मग गेली काहून?"

"वाटलं, उद्या तुहे काका सोताच्या तोंडानं म्हणतीन. स्टँडवर आले. बॅग वर ठेवून देल्ली. म्हणे, खिडकीजवळ बस..." तिनं पदरानं चष्मा पुसला. "एस्टी हालेपर्यंत मी खाली उतराले तयार होती."

मला काकांचा राग आला, आणि लगेच त्यांच्यासाठी रडूही आलं. सिनेमा पुढे चालूच होता.

"ते अक्षरं बंद कर," काकू म्हणाली.

मी बंद केली. मग ती खुर्चीत जरा सरकली, आणि काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे डावा कान करून बसली.