पुढचा थर

महिना उलटून गेला, तरी बीदरमधल्या मैलूरच्या आमच्या शेडमध्ये मला धड बसवत नाही. उठतो, झाडू मारतो, बाहेर जातो, परत येतो. माझी मोठी बहीण विशाखाक्का त्या दिवशी वेल्डिंगची तार बघायला कलबुर्गीला गेली होती. दुकानातच छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. फोन आला तेव्हा मी टेबलावरच्या अर्धवट चाकापाशीच होतो. सकाळी निघताना त्याच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली होती, "गार होऊ दे त्याला. मी आल्याबिगर पुढचा थर टाकू नको." आणि गेली…

अक्काच्या पायाला भिंगरी. जेवतानाही अर्धं लक्ष दाराकडे. इंजिनियर झाली, पुण्याच्या कंपनीत वेल्डिंगचा रोबोट चालवला, आणि एक दिवस तसलाच जुना यंत्राचा हात टेम्पोत घालून बीदरला आली. मिश्रधातूची तार विजेच्या आर्कनं वितळवायची, थरावर थर चढवायचा, साच्याशिवाय अख्खा पार्ट उभा करायचा… हेच वेड. वडील सगळ्यांना सांगायचे, पोरगी ग्रिलचं दुकान टाकायलीय.

दोन थरांच्या मधे धातू निवावा लागतो, नाहीतर भिंत ढासळते. अक्काला कुठला दम? पहिल्याच उन्हाळ्यात तिनं घरातला कूलर उचलून आणला आणि थेट पार्टवर सोडला. आई मागोमाग शेडमध्ये. "माणसं उकडून मरायलीत, अन् तू लोखंडाला वारा घालायलीस व्हय गं?" वितळत्या धातूवर जो गॅस पांघरूण घालतो, तोच त्या वाऱ्यानं उडाला. पार्ट कापला तर आत अनारशासारखी जाळी. अक्का आधी चिडली, मग खाली बसून हसत सुटली. तेव्हापासून ती थांबायला शिकली, पण धातूपुरतीच. तापमापक काही का दाखवेना, ती थरावर तळहात धरायची, भाकरी टाकण्याआधी तव्यावर धरतात तसा. मी घाई केली की, "कामून गडबड करायलास? तापलंय अजून." छातीत आधीही दुखलं होतं, तर 'पित्त हाय' म्हणून उडवून लावलं. लोखंडाला दिला तेवढा वेळ स्वतःला दिला असता तर… मला राग येतो तिचा. अजून येतो.

ते चाक हळ्ळीखेडच्या एका अप्पांच्या उसाच्या चरकाचं. चरक इतका जुना की त्याचं दातेरी चाक आता कुणी ओतून देत नाही. अप्पा अक्काच्या मातीला आले, तेव्हा चाकाचं नाव काढलं नाही. परवा मात्र फोन आला. "लेकरा, होत नसलं तर तसं सांग. गुऱ्हाळ चालू करायचं हाय." मी म्हटलं, बघतो. काय बघणार? थर टाकावा तर अक्काच्या हातचा शेवटचा थर झाकला जाणार. न टाकावा तर तिचं चाक कायमचं अर्धं. आणि तिनं तर बजावलं होतं, मी आल्याबिगर न्हाई…

काल सकाळी अप्पांना होय म्हणून कळवलं. गॅस सोडला, मास्क घेतला, आणि बटणापाशी हात अडला. मग तिच्यासारखाच तळहात त्या थरावर धरला. गार होता. कधीचाच गार होता. तरी हात तसाच धरून उभा राहिलो, कुणीतरी 'टाक आता' म्हणेल म्हणून. शेवटी मीच म्हणालो, "निवलंय, अक्का," आणि बटण दाबलं.

थर पुरा झाला. परत तळहात धरला. तापलं होतं. मग तिचं स्टूल ओढलं आणि बसलो.