दात बसू दे, रोडगे करीन

आमच्या भागात नवस बोलताना माणूस पुढचा विचार करत नाही. कबूल करायचं ते तोंडातून निघून जातं आणि फेडायचं कसं ते घरातल्या बायका बघतात. तरी माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, नवी कवळी नीट बसावी म्हणून शिवेवरच्या मारुतीला रोडगे कबूल केले, तेव्हा मी आमची पिठाची गिरणी बंद करून त्यांच्याकडे बघत राहिले. ज्यांनी रोडगा खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते. गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाचे घट्ट गोळे करून ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. जास्त भाजलेला रोडगा भिंतीवर मारला तर भिंतीचा पोपडा निघतो. आणि हा नवस दातांसाठी.

"मामाजी, शिरा कबूल करायचा ना."

"मारुतीले शिरा? तो काय बाळंतीण हाये काय?"

मी गिरणी पुन्हा सुरू केली.

खरं तर मामाजींना दातांची गरज नव्हती. सगळे पडून वर्षं झाली होती आणि हिरड्या दगडी पाट्यासारख्या घट्ट झाल्या होत्या. भाकरी दुधात कुस्करायची, दाणे कुटून घ्यायचे, काही अडत नव्हतं. अडलं ते काकांमुळे. काका म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. घर समोरच आहे. काकांचे दात या वयातही पांढरेशुभ्र, एका रांगेत. कोणी विचारलं की सांगायचे, "घरचे हायेत. लहानपणापासून लिंबाची काडी." मामाजी भावकीतले मोठे, त्यामुळे सोयरिकीत आणि तेराव्याला चार शब्द त्यांनीच बोलायचे असतात. मागच्या एका लग्नात ते बोलायला उठले आणि काका मागून म्हणाले, "भाऊ, आशीर्वाद देऊन राह्यले का चूल फुकून राह्यले?" मंडप हसला. त्याच आठवड्यात मामाजी मोताळ्याहून बस धरून बुलढाण्याला गेले आणि दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे माप देऊन आले.

कवळी आली त्या दिवशी घरात मुलगी बघायचा कार्यक्रम असावा तशी माणसं आली. हसून दाखवा, बोलून दाखवा, अडकित्त्याशिवाय सुपारी फोडून दाखवा. सुपारी मी हातातून काढून घेतली. डॉक्टरीणबाईंनी साध्या गोष्टी सांगितल्या होत्या. सुरुवातीला मऊ खा, लहान घास घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. रात्री काढून गार पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात घालू नका, मऊ ब्रशने धुवा. टोचलं तर घरी कानस लावू नका, माझ्याकडे या. मामाजी सगळ्याला मान हलवून आले आणि बरोबर उलटं करू लागले. रात्री घालून झोपायचे, कारण कोणी अचानक आलं तर? जेवताना मात्र काढून ठेवायचे, कारण "भाजीनं खराब होतात." नवी चप्पल शेतात न्यायची नाही, तसं.

दुसरा प्रश्न आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, उभा केला. कवळी ठेवायची कुठे? त्यांच्या शास्त्राप्रमाणे तोंडातून निघालेली वस्तू उष्टी. उष्टं स्वयंपाकघरात चालत नाही, देवघरात तर नाहीच. मोरीत ठेवायला मामाजी तयार नव्हते. "माह्ये दात का घासणी हायेत?" शेवटी पाण्याची वाटी टीव्हीशेजारी बसली. जेवणाच्या वेळी लागणाऱ्या मालिकेत वर सासू-सून भांडायच्या आणि खाली मामाजींचे दात हसत असायचे. आत्याबाई म्हणाल्या, "तोंडात हायेत तवर दात, बाहेर आले का उष्टं. मंग तोंडातच ठेवा ना!" डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यातलं एवढं तरी त्यांना न सांगता कळलं होतं, अर्थात दिवसापुरतं.

मधल्या काळात खालची कवळी टोचून हिरडीला फोड आले. 'स' म्हटला की शिट्टी वाजायची. नवस बोलला गेला तो या दिवसांत. मी त्यांना बसमध्ये घालून बुलढाण्याला नेलं, बाईंनी टोचणारी कड घासून दिली, फोड बरे झाले. श्रेय मारुतीला गेलं. नवस फेडणं आलं.

रोडग्याच्या पंगतीत आमच्याकडे रीत अशी की भावकीतल्या मोठ्या माणसाने पहिला रोडगा फोडून पहिला घास खायचा. त्याशिवाय कोणी पत्रावळीला हात लावत नाही. म्हणजे सगळी भावकी मामाजींच्या तोंडाकडे बघणार आणि काका अगदी समोर बसणार. मामाजींनी जेवताना कवळी वापरायचा सराव केलेलाच नव्हता. नवसाच्या दिवशी सकाळी ते गिरणीच्या दारात आले. एरवी हुकूम सोडणारा माणूस हळूच म्हणाला, "सूनबाई, पडली त?"

"घास लहान घ्या. पुढच्या दातांनी तोडू नका. दाढेकडे सारा."

"पडली त म्हणतो मी."

मी करता येण्यासारखं होतं ते केलं. गहू नेहमीपेक्षा बारीक दळला आणि पिठाला मोहन सढळ हाताने घातलं. पण पीठ बायकांचं आणि भाजणं पुरुषांचं, ही दुसरी रीत. पुरुष निखाऱ्याभोवती बसले, कापसाच्या भावावर बोलत राहिले, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राहिले. रोडगे राखेतून निघाले तेव्हा माझं मोहन गेलं होतं कुठल्या कुठे.

मारुतीच्या देवळापुढे पंगत बसली. वरण, वांग्याची भाजी, रोडगे, वर तूप. मामाजींनी बुक्की मारून रोडगा फोडला, तुकडा तुपात बुडवला आणि तोंडात घातला. एकदा चावलं. दुसऱ्यांदा चावताना थांबले. खालची कवळी उचलली गेली हे मला लांबूनही कळलं, गाल एका बाजूला फुगला होता.

"काय भाऊ," काका म्हणाले, "अटकलं काय?"

कोणीतरी हसलं. मी पाण्याचा जग घेऊन निघाले, पण पोचायच्या आत मामाजींनी तोंडात दोन बोटं घातली, खालची कवळी काढली, मग वरची काढली, आणि दोन्ही पत्रावळीवर मिठाशेजारी ठेवल्या. उरलेला रोडगा वरणात कुस्करला आणि भुरके मारत खायला लागले. मोठा घास, मग आणखी मोठा. वर बघून म्हणाले, "जेवा ना बाप्पा! कायची वाट पाहून राह्यले?"

मग पलीकडच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने उपरणं तोंडाशी नेलं आणि परत आणलं तेव्हा त्याचे गाल आत गेले होते. त्याच्या शेजाऱ्याने तर उपरण्याचाही त्रास घेतला नाही. इतकी वर्षं या लोकांना मी वाढते आहे, मला कधी कळलं नव्हतं. काका मात्र मघापासून पहिलाच घास चावत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मिरचीचं नव्हतं, कारण भाजी अजून त्यांनी घेतलीच नव्हती.

"सूनबाई," शेवटी ते म्हणाले, "जग आन इकडं."

त्यांनी ओंजळ पुढे केली. ओंजळीत लिंबाच्या काडीने वाढवलेले घरचे दात होते. मी पाणी ओतलं. मामाजींनी बघितलं. आपल्या पत्रावळीवरचा दुसरा रोडगा उचलला, फोडला, काकांच्या वरणात कुस्करून दिला.

पुढचं काम माझं होतं. जेवणं झाली की आमच्याकडे पोरं पत्रावळी गोळा करून सरळ खड्ड्यात टाकतात, आत काय राहिलं ते कोणी बघत नाही. म्हणून मी पंगतीच्या मधोमध उभी राहिले आणि गिरणीच्या घरघरीवर मात करत बोलायची सवय असलेल्या आवाजात ओरडले, "पत्रावळी उचलायच्या आधी ज्याने त्याने आपापले दात उचला!"

आत्याबाई मागून म्हणाल्या, "अन् धुऊन घ्या. उष्टे हायेत."