मागच्या खोलीतला प्लेग

ऐंशीच्या दशकात मी एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत प्लेगच्या जंतूवर काम करत होते, आणि बालाघाटला आमच्या घरी हे कुणालाच धड माहीत नव्हतं. आई सगळ्यांना सांगायची, "पोरगी औषधं बनवते." हे तिनं परस्पर ठरवलं होतं. मी एकदा "जंतू पाळते" म्हणाले, तर तिनं असा चेहरा केला की पुन्हा तो विषय काढला नाही.

जंतू मात्र मोठा मजेशीर. पिसवेच्या अंगातल्या थंडाव्यात अगदी गरीब असतो. माणसाच्या अंगाची ऊब लागली की कोट चढवतो, आणि मग आपल्या रक्तातल्या पहारेकऱ्यांना तो गिळता येत नाही. एवढा जहाल, पण प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या आयतं खाऊ घातलं तर लाडावतो आणि त्याची मारण्याची ताकद जाते. आमच्याकडे होते ते असले लाडावलेलेच. गेलेली ताकद परत येते का, हा माझा प्रश्न होता. येत नाही, असं उत्तर तयार होत आलं होतं.

त्या वर्षी होळीच्या आधी मी सुट्टीवर आले. आल्याआल्या नवी चप्पल घेतली, ती घालून वहिनीच्या माहेरी भरवेलीला जाऊन आले आणि टाच सोलून घेतली. मग अंगात कणकण भरली. बालाघाटला ताप म्हणजे मलेरिया, त्याचं कुणी मनावर घेत नाही. मीही घेतलं नाही. पण आंघोळ करताना हात जांघेत गेला आणि तिथं गाठ लागली. सुपारीएवढी, चांगली ठणकणारी.

ताप आणि जांघेत गाठ. माझ्या प्रबंधाचं पहिलंच पान! तांब्या हातातून खाली पडला. आमच्या जंतूंना दात नव्हते हे मला पक्कं माहीत होतं, पण एखाद्याला फुटले असतील तर? खोटं कशाला सांगू, त्या घाबरगुंडीतही 'यावर लेख चांगला होईल' असं मनात येऊन गेलंच. मग वहिनीचं तान्हं आठवलं. सकाळीच मी त्याला मांडीवर घेऊन त्याचे पापे घेतले होते.

सांगायचं कुणाला? दवाखान्यात प्लेग हा शब्द काढला असता तर निम्मं गाव बैहरच्या जंगलात पळालं असतं. आणि गाठ कुठं आहे ते सांगायचं म्हणजे आणखी पंचाईत. प्रयोगशाळेनं अशा वेळेसाठी दिलेल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या बॅगेत होत्या. त्या सुरू केल्या आणि परसाकडच्या मागच्या खोलीत जाऊन बसले.

"मले कोणी शिवू नका!" मी आतून ओरडले. "ताट उंबऱ्याबाहेर ठेवा. बाळाले इकडे आणू नका."

आईचा आनंद काय वर्णावा! महिन्याचे चार दिवस आमच्या घरातल्या बायका त्याच खोलीत बाजूला बसत. कॉलेजात गेल्यापासून मी ते मोडलं होतं, तेही नीट भांडून आणि मुद्दाम देवघरात जाऊन. आणि आता मी आपणहून बाहेर बसले होते.

"आली बाई अक्कल," ती वहिनीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशी. "देर से आई, पर आई."

मग माझे लाड सुरू झाले. माझ्या आवडीचं वांग्याचं भरीत आलं, ताट लांबून सरकवलं गेलं, पाणी वरून ओतलं गेलं. माझी भांडी वेगळी, अंथरूण वेगळं, कपडे वेगळे. साथीच्या दवाखान्यात ठेवला नसता इतका चोख बंदोबस्त माझ्या आईनं विटाळाच्या नावाखाली ठेवला होता. जन्मभर ज्या रिवाजावर मी तोंडसुख घेतलं, त्याचे मी तापात मनोमन आभार मानत होते.

दुसऱ्या दिवशी ताप इतका चढला की ताटापर्यंत जाता येईना. दुपारी आई चहा घेऊन आली तेव्हा ताट तसंच भरलेलं होतं.

"काहून वो, जेवली नाही?"

ती उंबऱ्यापाशी थांबली, मग सरळ आत आली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"शिवू नको मले!"

"शिवलं तर शिवलं. मंग आंघोळ करून घेईन. अंग कसं तापून राह्यलं! लपवलं काहून?"

"आई, मी बाहेरची नाही. मले प्लेग झाला असंन. मी औषधं नाही बनवत. मी त्याच्यावरच काम करते."

आईच्या वडिलांच्या लहानपणी प्लेगात त्यांचं अख्खं गाव शेतात झोपड्या घालून राहिलं होतं, आणि गावात परतताना माणसं कमी झाली होती. तिनं ते लहानपणापासून ऐकलं होतं. ती उठून बाहेर गेली. वहिनीला सांगताना ऐकू आलं, "बाळाले घेऊन समोरच्या खोलीत बस अन् दार लाव. तुह्या मामंजीले म्हण, डॉक्टरीणबाईले घेऊन या." ती गेली याचं मला बरं वाटलं, आणि रडूही आलं.

तेवढ्यात ती परत आली. काखेत तिची उशी होती.

"कसा लागते तो?"

"पिसवांनी. छातीत उतरला तर खोकल्यानं. शिवूनही कधी कधी."

"मंग मले लागलाच असंन. सरक तिकडे."

आणि त्या अरुंद बाजेवर ती माझ्या शेजारी आडवी झाली. मी ढकललं, विनवण्या केल्या. ती जागची हलली नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. सगळं ऐकून त्याही जरा मागे सरकल्या. मग त्यांनी गाठ पाहिली, आणि म्हणाल्या, "ज़रा पाँव दिखाओ." टाचेत पू भरला होता.

"बेटी, चप्पल ने काटा है."

आई ताडकन उठून बसली. "अगं बाई, हे तर अवधाण होय! पायाले लागलं की येते जांघेत. कोणालेही येते!"

बाईंनी तरी रक्त तपासायला नेलं, आणि त्यात काही निघालं नाही. पण तोवर आईला दम कुठला! बाईंची पाठ वळताच तिनं चप्पल, मी, माझं शिक्षण, सगळ्यांचा उद्धार केला. ती दमल्यावर मी विचारलं, "प्लेग म्हटल्यावर तुले भीती नाही वाटली?"

"वाटली ना. लय वाटली."

"मंग परत काहून आली?"

ती चादर झटकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तोंडानं शिवू नको म्हणत होती, अन् हातानं माहा पदर धरून राह्यलती."