बाण हलत नाही ना?

कॉम्प्युटर सुरू झाला की लताताई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायच्या. स्क्रीनवरचा बाण आपणहून हलतोय का, ते बघायच्या. बराच वेळ तो जागेवर राहिला, की मगच माउसला हात लावायच्या. विक्रोळीत आमची दारं समोरासमोर. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. कारण कळल्यावर हसू पळालं.

कंपनीतून बोलतोय, असं सांगून कोणीतरी त्यांना फोन केला होता. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय म्हणाला आणि एक प्रोग्रॅम टाकायला लावला. मग बाण आपला आपण चालू लागला आणि ‘दादा’ नावाच्या फोल्डरवर जाऊन थांबला. त्यात ताईंच्या गेलेल्या भावाने गायलेली भीमगीतं होती. कॅसेटींना बुरशी लागलेली; दादांचा आवाज आता तेवढाच उरला होता. ताईंनी भिंतीतली पिनच उपटली. “घरात चोर फिरताना बघितला रे मी,” असं त्या सांगायच्या.

त्यात ‘या जुन्या सिस्टीमला यापुढे सुरक्षा मिळणार नाही’ अशी सूचना येऊ लागली. नवीन सिस्टीम त्या मशीनला झेपणारी नव्हती. मी लिनक्स ही दुसरी सिस्टीम सुचवली. जुन्या मशीनवर चालते, सुरक्षेचे नवे अपडेट येत राहतात आणि वर फुकट.

“फुकट? मग काढून काय घेतात?”

“काही नाही. प्रोग्रॅम कसा लिहिलाय ते सगळं उघडं ठेवलंय, कोणीही तपासू शकतं.”

“तू तपासलंस?”

“नाही.”

“निदान खरं तरी बोलतोस. आता कोणी घुसणार नाही ना?”

“फोनवर तुम्हीच दार उघडलंत, तर कुठेही घुसतील.”

“फोनचं मी बघते. तू दादाला सांभाळ.”

गाणी पेनड्राइव्हवर घेतली, एकेक वाजवून पाहिली. तरी डिस्क पुसायचं बटण दाबण्याआधी मी पेनड्राइव्ह पुन्हा एकदा उघडून पाहिला. शेजारी ताई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. लिनक्स टाकून, सगळं परत भरून दादांचं पहिलं गाणं लावलं, तेव्हाही त्यांचं लक्ष गाण्याकडे नव्हतं. त्या बाणाकडेच बघत होत्या.

गेल्या वर्षी ताई गेल्या. जलदान विधीच्या दिवशी त्यांच्या भाचीने मला दादांची गाणी लावायला सांगितलं. माणसं सतरंजीवर बसून वाट बघत होती. मशीन सुरू केलं आणि माझे हात आपोआप मांडीवर आले. बाण हलला नाही. ताईंनी पाहिलं असतं तेवढा वेळ मी पाहत राहिलो, आणि मगच दादांचा आवाज लावला.