सरांचा कूलर, काकूंच्या कुरडया

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मी फक्त दोन विषयांत नापास झालो. फिजिक्स आणि गणित. "मग पास कशात झाला?" असं बाबांनी विचारलं, तेव्हा मी वर्कशॉपचं नाव सांगितलं. वर्कशॉपमध्ये आम्ही वर्षभर लोखंडाचा एक तुकडा घासून चौकोनी करत होतो. (माझा शेवटी गोल झाला, पण मास्तर दयाळू होते.)

जुलैत पुन्हा परीक्षा होती. हे दोन विषय सुटले नाहीत, तर कॉलेज बंद आणि बेसाला काकांच्या शेतीवर रवानगी, असं बाबांनी जाहीर केलं होतं. बेसा तेव्हा साधं खेडं होतं. शेतीतलं मला फिजिक्सपेक्षाही कमी कळत होतं, त्यामुळे मी खरोखर घाबरलो होतो.

सक्करदऱ्याला आमच्याच गल्लीत वैरागडे सर राहायचे. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, गणितही तोंडपाठ. भर मे महिन्यात आई मला त्यांच्याकडे घेऊन गेली. सर शिकवायला तयार झाले, फी घेणार नाही म्हणाले. तिथेच उठून घरी यायला हवं होतं! पण कुणाचं फुकट घेणं आईला जमतच नसे.

"असं कसं, सर? तुमचा कूलर अजून लागला नाही ना? आमचा प्रकाश लावून देते. इंजिनिअर हाये तो!"

ॲडमिशन मिळाली त्या दिवसापासून आईच्या लेखी मी इंजिनिअर होतो. गल्लीतले बंद पडलेले रेडिओ, इस्त्र्या ती माझ्यासाठी ठेवून घ्यायची. (बंद आलेली वस्तू बंदच परत जाई. त्यामुळे माझ्या हातून नुकसान झालं, असं कुणी म्हणू शकत नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. सर जेवून झोपले होते. पत्र्याचा भलामोठा कूलर खिडकीबाहेर स्टँडवर चढवलेला होता. तोंड खोलीत, बाकी तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या. मोटर वाइंडिंग करून आली होती आणि तिच्या वायरी मोकळ्या होत्या. कोणती कुठे, ते मिस्त्री सरांना सांगून गेला होता. सरांना उठवून विचारता आलं असतं, पण इंजिनिअरने असं विचारायचं? रंग जुळतील तशा वायरी जोडल्या आणि टाकीत पाणी भरलं.

सर उठून खिडकीसमोर खुर्ची टाकून बसले. मी बटण दाबलं. कूलर असा काही घरघरला की मला भरून आलं!

"हवा येऊन नाही राहिली गा," सर म्हणाले.

"येईल सर. गरम होतेय मोटर."

तेवढ्यात खिडकीचा पडदा उडाला आणि कूलरच्या जाळीला जाऊन चिकटला. त्याच वेळी अंगणातून बायकांचा आवाज आला, "अवं माय! काय गार वारा सुटला वं!"

पंखा उलटा फिरत होता. खोलीतली हवा ओढून तो वाळ्यातून थेट अंगणात सोडत होता, सोबत वाळ्यातलं पाणीही. आणि अंगणात, बरोबर कूलरच्या पाठीमागच्या खाटांवर, वैरागडे काकूंनी पहाटेपासून पाडलेल्या कुरडया वाळत होत्या. वर्षभराच्या!

"अवं, पाणी! कुरडया भिजल्या!"

मी धावत जाऊन बटण बंद केलं. खाटांवर कुरडयांची खीर झाली होती.

"पंखा उलटा काहून फिरला, सांग बरं?" सरांनी शांतपणे विचारलं.

"माहीत नाही, सर."

"तुमचं फिजिक्स चुलीत घाला!" काकू दारात उभ्या होत्या. "उद्यापासून हा पोरगा माह्या घरात दिसला नाही पाहिजे!"

माझ्या डोळ्यांसमोर बेसा उभं राहिलं. काकांच्या बैलांची शिंगंही दिसली. आरडाओरडा ऐकून आई आली, खाटांकडे एक नजर टाकून म्हणाली, "बाई, रागावू नका. साऱ्या कुरडया प्रकाश पाडून देते. इंजिनिअर हाये तो! त्याले सोऱ्या का जड हाये?"

अशी माझी शिकवणी सुरू झाली. पहाटे अंगणात मी सोऱ्या दाबायचो आणि सर खुर्चीवरून गणितं घालायचे.

"साइन एक्सचं इंटिग्रेशन?"

"वजा कॉस एक्स."

"अन्?"

"अधिक सी."

"गोल पाड गा!" मधूनच काकू ओरडायच्या. "चौकोनी काहून पाडून राहिला?"

वर्कशॉपमध्ये हेच जमलं असतं, तर मास्तरांनी पाठ थोपटली असती.

जुलैत दोन्ही विषय सुटले. सरांनी गल्लीभर पेढे वाटले. मी पेपर कसा सोडवला हे ते ज्याला त्याला सांगत होते आणि मी कुरडया कशा पाडल्या हे काकू, पण गल्लीने ऐकलं ते काकूंचं. कूलर लावायला मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. मी पास झालो, नोकरीला लागलो, बढत्या मिळाल्या, पण उन्हाळा लागला की आमच्या दारात निरोप ठरलेला असायचा, "कुरडयांचा चीक शिजला हाये, इंजिनिअरले धाडा!"