करपलेल्या चौदा घाण्यांची कारणे

रामकिसन कढईपाशी उभा राही तो नेहमी किंचित कलून, वाफ नाकावरून जाईल अशा बेताने. भूमच्या सरपणाच्या भट्ट्यांवर पंचवीस वर्षे खवा आटवलेल्या माणसाची ती सवय होती. बार्शी रस्त्यावरच्या खव्याच्या कारखान्यात येऊन त्याला सात वर्षे झाली. इथल्या कढया स्टीलच्या, दुहेरी भिंतींच्या होत्या, त्यांच्या पोटातून वाफ फिरे आणि पाते आपोआप दूध घोटत राही. तरी उभे राहणे तेच राहिले. खवा करपायला लागला की आधी त्याचा वास बदलतो. रंग मागाहून बदलतो, आणि तोवर कढईतला सगळा घाणा हातचा गेलेला असतो. हे अंतर फार तर मिनिटभराचे. त्या एका मिनिटासाठीच कारखान्याने रामकिसनला कामावर घेतले होते.

पोळ्याच्या सुमारास त्याला ताप आला. चार दिवसांनी ताप उतरला. तापात नाकाचा गेलेला वास मात्र परतला नाही. बायकोने, कमलबाईने, विचारले, “आमटी कशी झालीया?” तो म्हणाला, “बरी हाय.” दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. आपले काही हरवले आहे हे त्याला कळत होते, पण त्याचे वाईट वाटायला हवे तेही वाटत नव्हते. तो वेळेवर कामावर जाई, घड्याळ पाही, रंग पाही. बहुतेक दिवस तेवढ्यावर निभावले. काही दिवस निभावले नाही.

कढईशेजारी भिंतीवर एक पडदा होता. घाणा सुरू केला, थांबवला किंवा टाकून दिला की त्यावर बोट ठेवायचे. मग पडदा विचारी, ‘कारण निवडा’. कारण दिल्याखेरीज पुढचा घाणा सुरूच होत नसे. यादीत सात कारणे होती: दुधाची प्रत, वाफेचा दाब, वीजपुरवठा, यंत्रातील बिघाड, सफाई, कारागिराची चूक आणि इतर. पहिला घाणा करपला तेव्हा रामकिसनचे बोट ‘वाफेचा दाब’ या ओळीवर गेले. त्यात त्याने लबाडी अशी केली नाही. भट्टीवर खवा करपला की सगळे हेच म्हणत, जाळ जास्त झाला. जाळाला कोणी जाब विचारत नसे, कारण सरपण सारणारा आणि खवा घोटणारा माणूस एकच असे. इथे जाळ दुसऱ्याच्या हातात होता, ही गोष्ट त्या बोटाच्या ध्यानात आली नाही. पुढे बोट आपोआप तिथेच जाऊ लागले.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी उत्पादन विभागाच्या शिवांजलीने त्याला कचेरीत बोलावले. ती लातूरहून शिकून आलेली, सगळ्या वयस्कर कामगारांना काका म्हणणारी.

“काका, अडीच महिन्यांत चौदा घाणे टाकलेत आपण. चौदाही वेळा वाफेचा दाब. मुख्य कचेरीनं विचारलंय, बॉयलरवर कोण असतं?”

“शिवप्पा.”

“शनिवारी त्याला काढायचं ठरतंय. दर अर्ध्या तासाला दाब लिहिलेली वही दाखवतो तो, पण ती त्याच्याच हातची. नोंदी तुमच्या आहेत. तुमचं काही म्हणणं?”

“न्हाय,” रामकिसन म्हणाला. तोंडातून तेच बाहेर पडले. परत येऊन त्याने कढई धुतली.

दुपारी शिवप्पा डबा घेऊन शेजारी बसला. तो उमरग्याकडचा, पन्नाशीचा. त्याची बायको आठवड्यापासून माहेरी गेली होती.

“घ्या रामकिसनराव, माझ्या हातचं पिठलं. उद्या परवा आमी न्हाय ऱ्हायलो तर आठवण ऱ्हाऊ द्या.”

रामकिसनने दीड भाकरी त्या पिठल्याशी खाल्ली. शिवप्पा आपली भाकरी नुसत्या मिरचीशी खात त्याच्याकडे पाहत होता.

“कसं हाय?”

“चांगलं हाय.”

“अय्यय्यो! करपून तव्याचं बूड निघालंय त्यात. दारातल्या कुत्र्यानं हुंगून तोंड फिरवलं. म्या मजा बघावी म्हणून दिलं तुमाला, आन् तुमी म्हनताय...”

तो हसता हसता थांबला. डब्याचे झाकण हातातच राहिले.

“कधीपासनं?” त्याने हलक्या आवाजात विचारले.

“पोळ्यापासनं.”

शिवप्पाने शिवी दिली नाही, विनवले नाही. डबा बांधला आणि तो बॉयलरकडे गेला. त्याने भांडण केले असते तर उलट भांडता आले असते, असे रामकिसनला वाटले. पण तेही फारसे जोराने वाटले नाही.

शुक्रवारी सकाळी, दूध यायच्या आधी, तो पडद्यासमोर उभा राहिला. जुनी नोंद ज्याची त्यालाच दुरुस्त करता येई. दुरुस्ती केली की पडदा पुन्हा विचारी, ‘दुरुस्तीचे कारण लिहा’. रामकिसनने पहिली नोंद उघडली, ‘वाफेचा दाब’ काढून ‘कारागिराची चूक’ निवडले आणि खालच्या चौकटीत एका बोटाने लिहिले, ‘मला वास येत नाही’. मग दुसरी नोंद उघडली. प्रत्येक घाण्याची तारीख पाहताना तो दिवस त्याला आठवे: कुठे उभे होतो, रंग कधी दिसला. आठवण कोरडी होती, एखाद्याने दुसऱ्याची हकीकत सांगावी तशी.

अकराव्या नोंदीशी बोट थांबले. त्या दिवशी बॉयलरची शिट्टी सगळ्या कारखान्यात वाजली होती आणि शेजारच्या दोन कढयाही करपल्या होत्या. दाब खरोखरच चढला होता. चूक आपलीच म्हणून हीही फिरवावी, शिवप्पावरचा ठपका पुरता पुसावा, हे सोपे होते. इतक्या दिवसांत वाटेल ते कारण देण्याचीच सवय झाली होती. त्याने ती नोंद तशीच ठेवून पुढची उघडली.

शिवांजलीने दुपारी त्याला पुन्हा बोलावले. “काका, तेरा ठिकाणी एकच ओळ आहे. एकदा लिहून चिकटवलीत का?”

“न्हाय. एकेक लिवली.”

तिने आपल्या संगणकावर त्या ओळी खालपर्यंत सरकवून पाहिल्या. “डॉक्टरला दाखवलंत?”

“न्हाय.”

“कढईवर आता नाही ठेवता येणार तुम्हाला.”

“व्हय,” तो म्हणाला. हे त्याला नोंदी फिरवतानाच ठाऊक होते.

सोमवारी कढईवर परंड्याचा एक कारागीर आला आणि रामकिसनला खोकी जुळवायच्या टेबलावर बसवले. शिवप्पाची नोकरी राहिली. त्या एका नोंदीबद्दल त्याला ताकीदपत्र मिळाले. ते घडी करून खिशात घालून तो टेबलापाशी आला.

“तेरा फिरवल्या, रामकिसनराव. आनखी एक फिरवली असती तर बोट झिजलं असतं का तुमचं?”

“ती खरी व्हती.”

शिवप्पा मग म्हणाला, “व्हय. फोन आला म्हनून भाईर गेलतो. दहा मिनटं.”

“म्हायती हाय मला.”

“म्हायती व्हतं, मग बोलला न्हाईत कधी?”

रामकिसनने खोक्याचा तळ दाबून बसवला. कारण निवडायला इथे पडदा नव्हता. शिवप्पानेही ते पुन्हा मागितले नाही. अर्धा तास होत आला होता, दाब पाहायला तो निघून गेला.